प्रौढ विद्यार्थ्याची सिद्धता तपासणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालांचा हंगाम आला की आपल्या दैनिकासह सगळ्याच वृत्तपत्रांत प्रौढ परीक्षार्थींची छायाचित्रे झळकतात. सुनेबरोबर दहावी झालेल्या सासूबाई, मुलाच्या जोडीने बारावीला बसलेले वडील, साठीनंतर पदवी घेणारे निवृत्त कर्मचारी अशा या बातम्या मी आवडीने वाचते आणि त्यांचे होणारे कौतुक रास्तच आहे. मात्र कौतुक झाले की आपण तो विषय तिथेच सोडून देतो. त्या माणसाला वर्षभर कशाची अडचण पडली, हे कोणी विचारत नाही. उच्च गणिताच्या बाबतीत ही अडचण नेमकी कोणती, याचा मला थोडाफार अनुभव असल्याने हे पत्र लिहीत आहे. नोकरी आणि घर सांभाळून पंचेचाळिशीच्या आसपास गणिताकडे परत येणाऱ्या माणसाजवळ उत्साह पुरेसा असतो, पुस्तकांची आणि व्याख्यानांची टंचाईही आता उरलेली नाही. टंचाई आहे ती त्याने लिहिलेली सिद्धता शांतपणे वाचून ‘ही पायरी कुठून आली?’ असे विचारणाऱ्या जाणत्या माणसाची. ही सोय करणे आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातले असूनही ती सहसा कुठे दिसत नाही, अशी माझी तक्रारवजा सूचना आहे.

मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले, त्याच वर्षी बँकेची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि एम.एस्सी.चा विचार मागे पडला. तो मागे पडला याचे मोठेसे दुःख वगैरे मी करत बसले नाही. घराला पगाराची गरज होती आणि काम मला आवडत होते. मुले मोठी झाल्यावर, संध्याकाळी थोडा वेळ हाताशी येऊ लागल्यावर मी दूरशिक्षण पद्धतीने एम.एस्सी. गणिताला प्रवेश घेतला. शाखेतल्या सहकाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘आता या वयात?’ असा होता आणि दुसरा ‘याने इन्क्रिमेंट मिळते का?’ असा. दुसरा प्रश्न मला अधिक प्रामाणिक वाटतो. जेएआयआयबी किंवा सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झाले की बँकेत वेतनवाढ मिळते, टोपॉलॉजी हा उच्च गणितातला विषय उत्तीर्ण झाल्यावर काहीही मिळत नाही, हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. ज्याला उपयोगासाठी शिकायचे त्याने डेटा सायन्सचा एखादा अभ्यासक्रम करावा, त्यात काहीच गैर नाही. पण काही माणसांना प्रश्न सुटण्यापेक्षा तो का सुटतो याची ओढ असते, आणि ती ओढ निवृत्तीवेतनासारखी अठ्ठावन्नाव्या वा साठाव्या वर्षापर्यंत थांबवून ठेवता येत नाही.

परतलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो असा की पदवीपर्यंत आपण ज्याला गणित म्हणत होतो ते बहुतांशी आकडेमोडीचे कसब होते. अवकलन, संकलन, समीकरणे सोडवण्याच्या युक्त्या हे सारे गंजते खरे, पण महिन्या-दोन महिन्यांच्या सरावाने परत हातात बसते. पुढचे गणित मात्र निराळ्या प्रकारचे काम मागते. त्यात उत्तर आधीच दिलेले असते. ते तसेच का असले पाहिजे हे लिहून दाखवायचे असते. एक उदाहरण देते, कारण हिशेबाच्या टेबलावर आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला ते पचायला सर्वांत कठीण गेले.

१ − १/२ + १/३ − १/४ + १/५ − १/६ … अशी न संपणारी मालिका घ्या. एक जमा, एक नावे, पुन्हा एक जमा, पुन्हा एक नावे. तिची बेरीज ०.६९३ च्या जवळ स्थिरावते. आता यातली एकही नोंद न गाळता, एकही नवी न घालता, फक्त क्रम बदलायचा. एक जमा घ्यायची आणि तिच्यामागे दोन नावे: १ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + १/५ − १/१० − १/१२ … असे. प्रत्येक जमा आणि तिच्या लगेच पुढची नावे यांची वजाबाकी करून टाकली, तर १ − १/२ चे १/२ होते, १/३ − १/६ चे १/६ होते, १/५ − १/१० चे १/१० होते, आणि उरते ते १/२ − १/४ + १/६ − १/८ + १/१० − १/१२ … म्हणजे मूळ मालिकेतल्या प्रत्येक पदाची निम्मी रक्कम. बेरीज निम्म्यावर आली! नोंदी त्याच, खाते तेच, आणि शिल्लक अर्धी. रीमान या जर्मन गणितीने तर दाखवून दिले आहे की अशा मालिकेची पदे योग्य तऱ्हेने पुढेमागे केली तर हवी ती बेरीज आणता येते. आयुष्यभर ‘जमा-नावेचा क्रम बदलल्याने शिल्लक बदलत नाही’ या श्रद्धेवर दिवसाचा ताळमेळ लावणाऱ्या माणसाला इथे थांबावे लागते. मर्यादित नोंदींसाठी खरे असलेले अनंत नोंदींसाठी खरे राहीलच असे नाही, आणि नेमके कोणत्या अटीवर ते खरे राहते हे सिद्ध करणे, हाच पुढचा अभ्यास.

इथपर्यंत पुस्तक पुरते, चांगले व्याख्यान पुरते. ती व्याख्याने आता घरबसल्या मिळतात, याबद्दल आमच्या पिढीने कृतज्ञच राहिले पाहिजे. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमावर रिअल अॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी असे सगळे विषय विनामूल्य ऐकता येतात. शुल्क लागते ते परीक्षेला बसायचे असेल तर. एमआयटीचे गिल्बर्ट स्ट्रँग वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, २०२३ मध्ये निवृत्त झाले, पण त्यांचे लिनिअर अल्जिब्राचे तास कराडमध्ये रात्री साडेदहाला भांडी आवरल्यावर ऐकता येतात. ज्या काळात आम्ही पदवी घेतली त्या काळात ही चैन कल्पनेतही नव्हती.

पण या व्यवस्थेची एक बाजू लंगडी आहे. एनपीटीईएलच्या दर आठवड्याच्या गृहपाठात प्रश्न प्रामुख्याने पर्याय निवडण्याचे किंवा संख्या भरण्याचे असतात, कारण हजारो विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका संगणक तपासतो. संगणकाला पर्याय ‘क’ तपासता येतो. कागदावर लिहिलेली दीड पानी सिद्धता त्या पद्धतीत तपासता येत नाही. दूरशिक्षणात स्वाध्याय असतात, ते वेळेवर जमाही होतात, परंतु माझ्या अनुभवात ते गुणांसह परत आले तरी शेऱ्यांसह परत आले नाहीत. दहापैकी सात गुण मिळाले म्हणजे उरलेले तीन कोणत्या ओळीत गेले, हे कळायचा मार्ग नाही. वार्षिक परीक्षेत तर पुस्तकातले प्रमेय पुस्तकातल्याच सिद्धतेसह उतरवून काढणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. पाठांतराची ही पद्धत विशीतल्या मुलांचेही नुकसान करते, पण निदान त्यांच्याजवळ पाठांतराची ताकद तरी असते. आमची ती गेलेली असते आणि जे थोडे वाढलेले असते, म्हणजे एका गोष्टीपाशी चिकाटीने बसणे, घाई न करणे, शंका मनात न ठेवता विचारून टाकणे, त्याला या परीक्षेत भाव नाही.

आपली सिद्धता आपली आपणच तपासावी, असे कोणी म्हणेल. काही प्रमाणात ते जमते, काही प्रमाणात कोणालाच जमत नाही. फ्रेंच गणिती कोशी हा विश्लेषणाला शिस्त लावणाऱ्यांपैकी अग्रणी मानला जातो. त्याने १८२१ मध्ये असे प्रमेय छापले की संतत फलांची (म्हणजे आलेख कुठेही न तुटणाऱ्या फंक्शन्सची) अभिसारी, म्हणजे बेरीज स्थिरावणारी, मालिका घेतली तर तिची बेरीजही संतत फल असते. पाचच वर्षांनी, १८२६ मध्ये, आबेल या विशीतल्या नॉर्वेजियन तरुणाने या प्रमेयाला अपवाद आहेत असे नोंदवले. अपवाद किती साधा असू शकतो पाहा. शून्य ते एक या अंतरात एक्स, एक्सचा वर्ग, एक्सचा घन, एक्सचा चौथा घात असे घेत गेलो तर प्रत्येक आलेख सलग, कुठेही न तुटणारा असतो. घात वाढवत नेला की एकपेक्षा लहान असलेल्या प्रत्येक ठिकाणी किंमत शून्याकडे घसरते आणि बरोबर एकच्या ठिकाणी ती एकच राहते. म्हणजे शेवटी हाती येणारे फल शून्यावरून एकदम एकवर उडी मारते. सलग आलेखांच्या रांगेतून तुटलेला आलेख निघतो. लागोपाठच्या दोन घातांमधले फरक घेऊन हीच रांग मालिकेच्या रूपातही मांडता येते. कोशीच्या युक्तिवादातली फट अशी होती की ‘प्रत्येक बिंदूसाठी पुरेसा मोठा घात घेता येतो’ आणि ‘सर्व बिंदूंसाठी एकच पुरेसा मोठा घात घेता येतो’ या दोन वाक्यांतला फरक त्यात निसटला होता. लिहिणाऱ्याच्या डोळ्याला असा फरक दिसत नाही, कारण त्याला काय म्हणायचे आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. ती फट दुसऱ्यालाच दिसते. कोशीची ही गत, तर रात्री अकराला डुलक्या आवरत लिहिणाऱ्या बँक कर्मचाऱ्याची काय कथा!

माझ्या सुदैवाने आमच्या पेठेत राहणाऱ्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकांनी काही महिने माझ्या वह्या पाहिल्या. मोबदला घेण्यास त्यांनी नकार दिला. चहा मात्र घेत. त्यांची तपासण्याची रीत सांगण्यासारखी आहे. ते ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे कधी लिहीत नसत. ‘उघडच आहे’, ‘त्याचप्रमाणे’, ‘म्हणून’ असे शब्द जिथे जिथे आले असतील, तिथे समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढत आणि वही परत देत. पुढच्या वेळी त्या प्रत्येक प्रश्नचिन्हाचे उत्तर तोंडी द्यायचे. निम्म्या ठिकाणी उत्तर असायचे, ते फक्त लिहायचे राहिलेले असायचे. उरलेल्या ठिकाणी ‘म्हणून’ या शब्दाखाली खरोखरच काहीही नसायचे. एकदा डेल्टा (बिंदूपासूनचे अंतर) फक्त एप्सिलॉनवर (फलाच्या किमतीत चालणाऱ्या फरकावर) अवलंबून आहे की बिंदूवरही अवलंबून आहे, या एकाच प्रश्नावर आमची अख्खी संध्याकाळ गेली आणि कन्टिन्युइटी (संततता) आणि युनिफॉर्म कन्टिन्युइटी (सर्व बिंदूंसाठी एकच डेल्टा चालणारी संततता) यांतला भेद मला त्या संध्याकाळी कळला. तो मी त्याआधी परीक्षेत अचूक लिहून गुण मिळवलेले होते! पुढे ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. आता माझ्या वहीत प्रश्नचिन्हे काढणारे कोणी नाही.

मध्यमवयीन माणसाच्या गणिताचा विषय निघाला की दोन प्रकारची वचने ऐकू येतात. एक म्हणजे गणित हा तरुणांचा खेळ आहे, हे केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांचे मत. ते त्यांनी १९४० मध्ये, स्वतः साठी ओलांडल्यावर, बऱ्याचशा विषण्ण मनःस्थितीत मांडले होते, हे सांगायचे राहून जाते. गणितातल्या मानाच्या फील्ड्स पदकाला चाळिशीच्या आतल्या वयाची अट असल्याने या मताला आणखी वजन येते. दुसरी वचने दिलाशाची असतात. यितांग झांग हे गणिती अमेरिकेत अनेक वर्षे उपेक्षित राहिले, पोटासाठी त्यांनी सँडविचच्या दुकानात काम केले आणि २०१३ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या अनंत जोड्या असतात हे त्यांनी सिद्ध केले. जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास खेड्यापाड्यांतल्या शाळांत अगदी सुलेखन आणि कवायतसुद्धा शिकवत होते, आणि चाळिशीत बर्लिनला प्राध्यापक झाले. आम्हाला छळणारी एप्सिलॉन-डेल्टाची आजची चोख भाषा ही मुख्यतः त्यांच्याच व्याख्यानांची देणगी.

ही उदाहरणे मला दिलासा म्हणून फारशी पटत नाहीत. झांग काय किंवा वायरश्ट्रास काय, हे गणिताकडे परतलेले लोक नव्हेत. ते गणितापासून कधी दूर गेलेच नव्हते. आमच्यासारख्यांना शोध लावायचा नाही, शतकापूर्वी लागलेले शोध नीट समजून घ्यायचे आहेत. तरीही या गोष्टींतला एक धागा मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो वयाचा नाही. झांग यांचा लेख एका नामांकित नियतकालिकाकडे गेला तेव्हा त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तरी तज्ज्ञांनी तो ओळीन् ओळ वाचला आणि काही आठवड्यांत स्वीकारला. वायरश्ट्रास यांचा १८५४ मधला लेख छापणारे आणि वाचणारे लोक होते, म्हणून क्योनिग्सबर्ग विद्यापीठाने एका शाळामास्तराला सन्माननीय डॉक्टरेट दिली. गणिती अँड्र्यू वाइल्स यांनी १९९३ मध्ये फर्माच्या अखेरच्या प्रमेयाची (शतकानुशतके न सुटलेल्या एका कोड्याची) सिद्धता जाहीर केली, तिच्यातली त्रुटी तपासणीच्या वेळी निक कॅट्झ या गणितींच्या प्रश्नांतून बाहेर आली, आणि वर्षभराच्या धडपडीनंतर रिचर्ड टेलर यांच्या साथीने ती दुरुस्त झाली. तपासणारा नसता तर?

आमच्या परिस्थितीला अधिक जवळची अशी दोन माणसे आहेत आणि योगायोगाने दोघांचा संबंध १९७५ या वर्षाशी आणि मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातल्या गणिती कोड्यांच्या सदराशी आहे. पहिली मार्जोरी राइस. कॅलिफोर्नियातली पाच मुलांची आई, गणित शाळेत शिकले असेल तेवढेच. गार्डनर यांनी त्या वर्षी पंचकोनी फरशा बिनफटीच्या कशा बसवता येतील या प्रश्नावर लिहिले होते. ते वाचून बावन्न वर्षांच्या या बाईने स्वयंपाकघराच्या ओट्यावर आकृत्या काढायला सुरुवात केली, त्यासाठी स्वतःची चिन्हे बनवली आणि दोन-तीन वर्षांत पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधले. या गोष्टीत सगळे जण ओट्याचे कौतुक करतात. मला कौतुक वाटते ते पुढच्या भागाचे. तिचे पत्र गार्डनर यांनी डोरिस श्टाटश्नायडर या गणिती प्राध्यापिकेकडे पाठवले, आणि त्या बाईंनी ती घरगुती चिन्हे समजून घेण्याची तसदी घेतली, काम तपासले, बरोबर असल्याची ग्वाही दिली आणि ते जगासमोर नेले.

दुसरे आपले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. देवळालीच्या शाळेत शिक्षक, पदव्युत्तर पदवी नाही. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हीच क्रिया करत राहा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ ही संख्या येते, हा त्यांचा शोध आता मुलांच्या पुस्तकांतही असतो. पण उमेदीच्या काळात त्यांच्या कामाकडे आपल्याकडच्या पंडितांनी फारसे गांभीर्याने पाहिले नाही. अनेक पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. जगाला त्यांचे नाव कळले ते १९७५ मध्ये गार्डनर यांनी लिहिल्यावर, म्हणजे कापरेकर सत्तरीला आल्यावर. ते निवृत्त झाले होते त्यालाही तोवर तपाहून अधिक काळ लोटला होता. राइसबाईंना वाचक वेळेवर मिळाला, कापरेकरांना मिळाला नाही, इतकाच या दोन गोष्टींतला फरक असे मी म्हणणार नाही. पण तो फरक मोठा आहे.

हल्ली यावर कोणी म्हणते की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला सिद्धता दाखवा, तो तपासून देईल. मी दाखवून पाहते. पुष्कळदा तो उपयोगी पडतो, पण नवशिक्याची अडचण अशी की तो जितक्या आत्मविश्वासाने बरोबर बोलतो तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचेही बोलतो, आणि या दोहोंतला फरक ओळखण्याची पात्रता अंगी येण्यासाठीच तर आपण शिकत असतो. लीनसारख्या संगणकप्रणाली खरोखर प्रत्येक पायरी तपासतात, चुकीची पायरी पुढे जाऊच देत नाहीत. मात्र त्यासाठी सिद्धता त्या प्रणालीच्या भाषेत लिहावी लागते आणि ती भाषा शिकणे हा एक स्वतंत्र अभ्यासक्रम होतो. ज्याला हौस आहे त्याने जरूर शिकावी. दहापैकी नऊ प्रौढ विद्यार्थ्यांसाठी वहीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढणारा माणूस हाच सोपा आणि स्वस्त मार्ग आहे.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना ही रड थोडी अतिशयोक्त वाटेल. पुण्यात गणिती श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, आयसर ही विज्ञान संस्था आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, आयआयटी आहे. तिथे निदान जाणत्या माणसांच्या ओळखी होऊ शकतात. कराड, फलटण, चाळीसगाव किंवा परतूरच्या माणसाने काय करावे? आणि तरी याच गावांत महाविद्यालये आहेत, त्यांत गणिताचे विभाग आहेत, शनिवारी दुपारनंतर त्या वर्गांना कुलपे असतात, आणि गावात दोन-चार तरी निवृत्त प्राध्यापक असतात ज्यांना शिकवण्याची खुमखुमी अजून असते. चाळीसगावचे नाव मी मुद्दाम घेतले. तिथून जवळच पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि त्या मठाच्या खर्चाची तजवीज कशी झाली, याची नोंद त्यात कोरलेली आहे. उच्च गणित शिकायला जागा आणि खर्चाची सोय लागते, ही गोष्ट आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे दगडावर लिहून ठेवलेली होती.

नोकरदारांसाठी शिक्षणाचे घड्याळ बदलणे हेही महाराष्ट्राला नवे नाही. महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना कचेरीत वेळेवर पोहोचता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. आज आपण दूरशिक्षण म्हणजे पुस्तकांचा गठ्ठा घरपोच आणि परीक्षेचे प्रवेशपत्र, एवढ्यावर समाधान मानतो, हे त्या परंपरेच्या मानाने फार थोडे आहे.

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यातल्या निदान एका महाविद्यालयाने दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी दोन-तीन तासांचा, उदाहरणे आणि सिद्धता तपासण्याचा वर्ग चालवावा. २०१५ पासून बँकांना हे दोन शनिवार सुटीचे आहेत आणि राज्य शासनाच्या कार्यालयांनाही शनिवारी सुटी असते, त्यामुळे विद्यार्थी सापडतील. या वर्गात व्याख्यान देऊ नये, ते आम्ही घरी ऐकून येऊ. प्रत्येकाने आपण लिहिलेल्या सिद्धता आणाव्यात, एकाने फळ्यावर मांडाव्यात, बाकीच्यांनी आणि प्राध्यापकांनी प्रश्न विचारावेत. पदवी, प्रमाणपत्र, श्रेयांक यांपैकी काहीही देऊ नये, म्हणजे विद्यापीठाच्या मंजुरीचा आणि फायलींचा प्रश्नच उद्भवणार नाही. शिकवणाऱ्याला तासाचे रीतसर मानधन द्यावे आणि ते आमच्याकडून शुल्क म्हणून वसूल करावे; फुकट काही नको, कारण फुकटाचा वर्ग तिसऱ्या महिन्यात बंद पडतो. महाविद्यालयातल्या एम.एस्सी.च्या मुलांनाही त्यात बसू द्यावे. विशीतल्या मुलांना वेग असतो, आमच्याकडे शंका असतात, आणि दोघांनाही एकमेकांचा उपयोग होईल असे मला वाटते. या वर्गाच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्र देऊन त्यावर ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मिळाली तर आणखी उत्तम, कारण या विषयाची चांगली पुस्तके महाग आहेत आणि तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत.

दूरशिक्षण चालवणाऱ्या विद्यापीठांना दोन विनंत्या आहेत. स्वाध्यायावर गुणांबरोबर निदान एक ओळ शेरा लिहावा आणि तपासणीसाला त्या ओळीचे वेगळे पैसे द्यावेत. प्रश्नपत्रिकेत ‘प्रमेय सांगा व सिद्ध करा’ यांचे प्रमाण घटवून न पाहिलेल्या विधानांची सिद्धता किंवा प्रतिउदाहरण विचारावे, आणि वाटल्यास परीक्षेला पुस्तक जवळ ठेवू द्यावे. परीक्षेच्या तारखांचाही विचार व्हावा. मार्चअखेरीच्या आगेमागे लागोपाठ चार दिवस रजा मागणाऱ्या बँक कर्मचाऱ्याकडे शाखाधिकारी कसे पाहतात, हे ज्याने अनुभवले आहे तोच जाणे. रविवारी परीक्षा घेता येतात. स्पर्धा परीक्षा घेतल्याच जातात.

वृत्तपत्रांकडूनही एक अपेक्षा आहे. यापुढे प्रौढ परीक्षार्थीची मुलाखत घेताना त्याच्या जिद्दीबरोबर त्याला कोणी शिकवले, त्याचे लिखाण कोणी तपासले आणि त्यासाठी त्याला किती लांब जावे लागले, हेही विचारावे. कराड परिसरातल्या एखाद्या महाविद्यालयाने वरील शनिवारचा वर्ग सुरू करण्याची तयारी दाखवली, तर शुल्क भरून येणारे पहिले पाच-सहा विद्यार्थी गोळा करण्याची जबाबदारी मी घेते; त्यांत आमच्या शाखेतले ‘आता या वयात?’ असे विचारणारे एक सहकारीही आहेत, कारण मालिकेची ती अर्धी झालेली शिल्लक त्यांना अजून पटलेली नाही आणि ते मला रोज दुपारच्या डब्याच्या वेळी तिचा जाब विचारतात.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, कराड